लिंगाण्याचा दोर

आज माळ्यावरून जुना दोर काढला. त्याला अजून बोराट्याच्या नाळेतल्या मातीचा वास आहे. निदान मला तरी येतो.

त्या दिवशी लिंगाण्यावर चढायला मोहरी गावाहून अंधारातच निघालो होतो. नाळेतले धोंडे उतरून रायलिंग पठार आणि लिंगाण्यामधल्या खिंडीत पोचलो, तर वारा अंगावर धावून आला. समोर समुद्रसपाटीपासून सुमारे २,९०० फूट उंचीचा तो सुळका. पहिल्याच टप्प्यात बोटं बधिर झाली. खालून दोर सांभाळत बिले देणारा दादा एवढंच म्हणायचा, "सावकाश. आधी पाय बघ." मग कातळातली एक खाच बोटांना अशी नेमकी बसली, की ती पकड अजून हाताला आठवते.

वाटेतल्या गुहेत टेकलो. शिवकाळात या गडावर कैदी ठेवत. दोराशिवाय उतरताच येणार नाही अशा जागी त्यांनी रात्री कशा काढल्या असतील, हे मनातून जाईना.

माथ्यावर जेमतेम जागा. पश्चिमेला रायगड, पाठीशी राजगड-तोरणा. बराच वेळ कुणीच बोललं नाही. उतरायच्या आधी दादानं माझी गाठ तपासली, मग पुन्हा एकदा तपासली.

दोर आता गच्चीवर, सावलीत पसरलाय.