कॅल्शियम बंद करणारी गोळी

परवा एक काकू बऱ्याच महिन्यांनी दवाखान्यात आल्या. डोकं जड होतंय म्हणाल्या. प्रेशर १८४/१०२. अ‍ॅमलोडिपिन चालू आहे ना, असं विचारलं तर म्हणाल्या, "ती मीच बंद केली, डॉक्टर. मुलानं मोबाईलवर वाचून दाखवलं, ती कॅल्शियम बंद करणारी गोळी आहे म्हणे. एकीकडे तुम्ही हाडांसाठी कॅल्शियम देता आणि दुसरीकडे ते बंद करायची गोळी!"

रागावणार होतो, पण गप्प बसलो. दोन्ही गोळ्या मीच लिहिलेल्या आणि 'कॅल्शियम चॅनल ब्लॉकर' म्हणजे काय, हे मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. दवाखान्यात गर्दी होती, म्हणून तिथे दोन वाक्यांत सांगितलं. इथे जरा सविस्तर सांगतो.

आपल्या शरीरात साधारण एक किलो कॅल्शियम असतं. त्यातलं ९९ टक्के हाडांत आणि दातांत. पेशींच्या आत मात्र मोकळं कॅल्शियम जवळजवळ नसतंच, बाहेरच्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी. पेशी ते सतत पंपाने बाहेर काढत असते. कारण पेशीचा ऊर्जेचा सगळा व्यवहार फॉस्फेटवर चालतो, आणि कॅल्शियम-फॉस्फेट एकत्र आले की घट्ट साका बसतो. हाडाचा कडकपणा याच जोडीचा. तोच प्रकार पेशीच्या पोटात झाला तर पेशी संपली.

पण या सक्तीच्या हद्दपारीतून एक सोय झाली. रात्री सामसूम झालेल्या वाड्यात नुसती कडी वाजली तरी सगळे जागे होतात. तसंच, आतून रिकाम्या असलेल्या पेशीत थोडंसं कॅल्शियम शिरलं तरी तिला लगेच कळतं.

बारावीच्या जर्नलमध्ये आपण चपलेच्या आकाराचं पॅरामेशियम काढायचो, आठवतंय? डबक्यातला एकपेशीय जीव, मेंदू नाही, नसा नाहीत. पोहताना तो पुढे कशावर आदळला की अंगावरच्या बारीक केसांमधली कॅल्शियमची दारं उघडतात. कॅल्शियम आत शिरताच केसांची वल्हवण्याची दिशा उलटते आणि स्वारी मागे सरते. मग पंप कॅल्शियम बाहेर काढतात, आणि पॅरामेशियम थोडी दिशा बदलून पुन्हा पुढे निघतं. ज्यांची ही दारं जन्मतः उघडत नाहीत, अशी काही पॅरामेशियम शास्त्रज्ञांना सापडली. ती मागे जाऊच शकत नाहीत, म्हणून बुद्धिबळातल्या प्याद्यावरून त्यांना 'पॉन' नाव दिलं. (शास्त्रज्ञांनाही विनोद जमतो.) काहींमध्ये बिघाड कॅल्शियम ओळखणाऱ्या प्रथिनात, कॅल्मोड्युलिनमध्ये, असतो. त्यातला एक प्रकार जरा धक्का लागला तरी बराच वेळ मागेच जात राहतो. त्याचं नाव 'सगळ्याला घाबरणारा' अशा अर्थाचं आहे.

आपला आणि पॅरामेशियमचा सामाईक पूर्वज शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा. तरी कॅल्मोड्युलिन आपल्यातही आहे, आणि बरंचसं तसंच. रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशीत कॅल्शियम शिरतं, कॅल्मोड्युलिन ते पकडतं, स्नायू आवळतो, वाहिनी अरुंद होते आणि प्रेशर चढतं. अ‍ॅमलोडिपिन त्या पेशीचं दार अर्धवट लोटून ठेवते, एवढंच. थांबतो तो निरोप. जेवणातलं किंवा गोळीतलं कॅल्शियम पोटातून रक्तात आणि तिथून हाडांत जातं, त्या वाटेत ती येत नाही.

काकूंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे दोन्ही घ्यायच्या?"

"दोन्ही."

"मग चिठ्ठीवर लिहून द्या. मुलाला दाखवते."

औषधाच्या नावापुढे मराठीत लिहून दिलं: 'ही प्रेशरची. हाडांशी संबंध नाही. स्वतःहून बंद करू नये.' पंधरा दिवसांनी आल्या तेव्हा प्रेशर १३८/८६ होतं, आणि सोबत मुलगाही आला होता, पुढचा प्रश्न घेऊन.