मुधोळहून आलेला पाहुणा

मुलांनो, घरात नकाशा असेल तर जरा उघडा पाहू. सांगली जिल्ह्यातल्या मिरजेवर बोट ठेवा आणि आग्नेयेकडे सरकवत न्या. आधी अथणी लागेल, मग कृष्णा नदी, मग जमखंडी आणि त्याच्या खाली मुधोळ. सापडलं? गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही याच रस्त्याने गेलो होतो. जाताना गाडीत पाच जण होतो. येताना सहा झालो. त्या सहाव्याची ही गोष्ट.

मी मिरज तालुक्यातल्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत शिकवते. घर गावाच्या कडेला आहे, पुढे अंगण, मागे थोडं रान. कुत्रा पाळायचा हट्ट माझ्या दोन्ही मुलांनी दोन वर्षं धरला होता. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मात्र ठाम विरोधात. "उंबऱ्याच्या आत कुत्रं आलं तर मी बाहेर," असं त्यांनी सांगून टाकलं होतं. शेवटी "सोप्यातच राहील, स्वयंपाकघरात पाय ठेवणार नाही," अशी मुलांनी शपथ घेतली, तेव्हा कुठे त्या गप्प बसल्या. हो मात्र म्हणाल्या नाहीत, बरं का!

भाऊजींच्या जीपमधून आम्ही पहाटे निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. अथणी मागे पडली आणि कृष्णेचा पूल आला. धाकटी ओरडली, "अगं आई, ही तर आपलीच नदी!" खरंच की. मिरजेजवळून वाहणारी कृष्णा आमच्या आधीच कर्नाटकात पोचली होती. दुकानांवरच्या पाट्या आता कन्नड झाल्या होत्या. थोरल्याला एकही अक्षर वाचता येईना. पाचवीत पहिला आलेला मुलगा अगदी बिगरीत गेल्यासारखा बसला होता.

मुधोळ हे बागलकोट जिल्ह्यातलं, घटप्रभा नदीच्या काठचं गाव. दहाव्या शतकातला मोठा कन्नड कवी रन्न इथलाच. पूर्वी इथे घोरपडे घराण्याचं संस्थान होतं. त्या घराण्यातल्या राजे मालोजीराव घोरपड्यांनी इथल्या शिकारी कुत्र्यांची जात नीट जोपासली आणि इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज याला एक जोडी भेट दिली. तेव्हापासून हे कुत्रं 'मुधोळ' म्हणून प्रसिद्ध झालं. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यांत एक मुधोळचं होतं. २०१६ साली तर भारतीय लष्करानेही मुधोळची पिल्लं शिकवण्यासाठी मीरतला नेली. गावाजवळ तिम्मापूरला या कुत्र्यांसाठी खास संशोधन केंद्र आहे.

हे कुत्रं दिसायला कसं असतं? लांब पाय, खपाटीला गेलेलं पोट, निमुळतं तोंड. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं, याला कुणी जेवायला घालत नाही की काय! पण ते पळायला लागलं की डोळा ठरत नाही. बाकीची बरीच कुत्री वासावर शिकार शोधतात, हे नजरेवर शोधतं. लांबवर काही हललं की निघालंच. म्हणून कोंडून ठेवायला, फ्लॅटमध्ये बांधून घालायला ही जात नव्हे.

ज्या शेतकऱ्याकडे आम्ही गेलो, त्या मामांनी तर आमचीच परीक्षा घेतली. "रान किती? कुंपण हाय? दिवसभर घरात कोण असतंय?" सगळी उत्तरं ऐकली, तेव्हा पिल्लू दाखवलं. खरं तर एक महिना आधीच आम्ही फोन केला होता. तेव्हा त्यांनी स्पष्ट नाही म्हटलं होतं. "दोन महिनं आईपाशी ऱ्हाऊ दे. भावंडांत खेळताना चावायचं किती आणि सोडायचं कधी, हे त्येला आईच शिकवती. ते तुम्हांस्नी शिकवता यायचं न्हाई."

तांबूस रंगाचं, पांढऱ्या पायांचं पिल्लू आमच्या वाट्याला आलं. मुलांनी तिथेच नाव ठेवलं, तांबू. मामांनी एक जुना टॉवेल त्याच्या आईच्या अंगावरून फिरवला आणि घडी करून माझ्या हातात दिला. "ह्यो धुवू नका," म्हणाले. सोबत ज्वारीच्या पिठाची पिशवी दिली. "चार-पाच दिवस हेच, दुधात शिजवून घाला. मग हळूहळू तुमचं."

दिवेलागणीला घरी पोचलो. आमचा प्रवास संपला. तांबूचा मात्र आता सुरू व्हायचा होता, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

दारात गल्लीतली वीसेक पोरं जमली होती. निम्मी माझ्याच वर्गातली. "बाई, मला द्या! बाई, मला!" तांबू या हातातून त्या हातात फिरला. मग कसाबसा सुटला आणि सोप्यातल्या बाजेखाली घुसला. थोरल्याने त्याला पाय धरून बाहेर ओढलं, तसं ते थरथर कापायला लागलं आणि त्याने तिथेच लघवी केली. आत्याबाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं!

रात्री पोत्यावर टॉवेल घातला, त्याला तिथे ठेवलं आणि दिवा मालवला. दहा मिनिटांत रडणं सुरू झालं. कुईं कुईं असं बारीक आणि एकसारखं. जवळ गेलं की थांबे, दूर गेलं की पुन्हा सुरू. पहिली रात्र गेली, दुसरी गेली. तिसऱ्या रात्री माझा धीर सुटला. सकाळी शेजारच्या काकांनीही विचारलं होतं, "काय बाई, झोपू देणार की नाही?" मी यजमानांना म्हटलं, "रविवारी परत नेऊन सोडू या. आपल्याला नाही जमायचं." धाकटी पांघरुणात तोंड खुपसून रडत होती. आता रडणारी दोन झाली.

तेवढ्यात सोप्यातून आवाज आला, "बा, बा. अळबेड."

मी उठून पाहिलं. आत्याबाई पोत्याजवळ भिंतीला टेकून बसल्या होत्या. कन्नडमध्ये 'बा' म्हणजे ये आणि 'अळबेड' म्हणजे रडू नकोस. तांबूचे कान उभे राहिले होते. हाक ओळखीची होती ना! मुधोळला मामा जेवायला असंच तर बोलवायचे. ते पुढे सरकलं, त्यांच्या पायाशी आलं आणि टॉवेलवर अंग टाकून झोपलं.

आत्याबाईंचं माहेर अथणीकडचं. हे मला ठाऊक होतं, पण त्यांना कन्नड बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. त्या हळूच म्हणाल्या, "मी सोळा वर्षांची होते या घरात आले तेव्हा. मराठीचा एक शब्द येत नव्हता. पाणी मागायलासुद्धा खुणा करायची. रात्री तोंडात पदर कोंबून रडायची, आवाज होऊ नये म्हणून. हे बिचारं मोकळं तरी रडतंय. चार रात्री दे त्याला."

मी काहीच बोलले नाही. बारा वर्षं पहिलीच्या वर्गाला शिकवते आहे. दर जूनमध्ये दाराशी रडणारी मुलं बघते आणि आठ दिवस त्यांना कडेवर घेऊन शाळा दाखवते. मग हे मला कसं सुचलं नाही?

दुसऱ्या दिवसापासून घराचे नियम बदलले. पहिले काही दिवस बाहेरच्या पोरांनी लांबूनच बघायचं. बाजेखाली गेलं तर ओढायचं नाही, आपण जमिनीवर बसायचं आणि वाट बघायची. झोपलेलं असेल तर हात लावायचा नाही. लहान पिल्लू दिवसातले अठरा-वीस तास झोपतं, कारण त्याला वाढायचं असतं. झोपून उठलं, जेवलं किंवा खेळून थांबलं की लगेच अंगणातल्या ठरलेल्या जागी न्यायचं. तिथे शू केली की शाबासकी. घरात केली तर मारायचं नाही आणि त्याचं नाक त्यात घासायचं तर मुळीच नाही. त्यातून ते फक्त आपल्याला भ्यायला शिकतं. गुपचूप पुसून घ्यायचं, म्हणजे वास राहत नाही.

पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, पहिली लस टोचली आणि पुढच्या तारखा लिहून दिल्या. रेबीजची लस तीन महिन्यांचं झाल्यावर. सगळ्या लसी होईपर्यंत गल्लीतल्या कुत्र्यांत सोडायचं नाही. कांदा, चॉकलेट, द्राक्षं आणि बेदाणे द्यायचे नाहीत, ते कुत्र्याला विषासारखे असतात. आमच्या भागात घरोघरी बेदाणे, तेव्हा डबे आधी वर ठेवले! आणि हो, कोणत्याही कुत्र्याचा दात किंवा ओरखडा लागला, अगदी आपल्या पिल्लाचासुद्धा, तर ती जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच मोठ्यांना सांगून डॉक्टरांकडे जायचं. रागावतील म्हणून लपवायचं नाही.

चौथ्या रात्री तांबू थोडा वेळ रडला. पाचव्या रात्री रडलाच नाही. आठवड्याने तो बाजेखालून स्वतःहून बाहेर आला आणि थोरल्याच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला. थोरल्याच्या पायाला मुंग्या आल्या, पण पठ्ठ्या तासभर हलला नाही.

आता तांबू उंच झालाय. मागच्या रानात सुटला की दिसेनासा होतो. एकदा तर कोंबडीमागे धावून त्याने आम्हांला शेजाऱ्यांची बोलणी खायला लावली, म्हणून कुंपण वाढवावं लागलं. 'ये' म्हटलं तरी येतो आणि 'बा' म्हटलं तरी येतो. मुलं आजीकडून कन्नड शिकताहेत. 'नीरु' म्हणजे पाणी, 'ऊटा' म्हणजे जेवण. संध्याकाळी अंगणात आजी आणि दोन्ही नातवंडं मोठमोठ्याने कन्नड बोलत असतात आणि तांबू एकेकाच्या तोंडाकडे बघत असतो.

येत्या सुट्टीत पुन्हा त्याच रस्त्याने जायचं ठरलंय. या वेळी मात्र मुक्काम अथणीकडे, आजींच्या माहेरी. कितीतरी वर्षांनी त्या निघाल्या आहेत. पिशवी आतापासूनच भरून ठेवलीय. जीपमध्ये तांबूची जागा कुठे, हेही त्यांनीच ठरवलंय. त्यांच्या पायाशी!