मागील बाकी

मी रात्री साडेदहाला झोपतो आणि सकाळी सहाला उठतो. मधल्या वेळात मी गाढ झोपेत असतो याची साक्ष द्यायला वरच्या मजल्यावरचं बिऱ्हाडसुद्धा एका पायावर तयार आहे, कारण माझं घोरणं त्यांनाही ऐकू जातं. तरी गेली वीस वर्षं मला भेटणारा प्रत्येक माणूस पहिला प्रश्न एकच विचारतो, "काय हो, झोप नाही का झाली?"

याला कारण माझ्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं. शाईच्या पॅडवर टेकवलेला अंगठा कुणीतरी दोन्ही डोळ्यांखाली उमटवून जावा, तशी ती दिसतात. बँकेत वीस वर्षं लोकांचे अंगठे घेतले, त्याचीच ही परतफेड असावी.

या वर्तुळांचा नोकरीत मला फायदा झाला, हे मात्र कबूल केलं पाहिजे. ३१ मार्चला आमची सगळी शाखा उशिरापर्यंत बसते. त्यातला बराचसा वेळ मी वडापावच्या व्यवस्थेत घालवतो. पण पुढे बँक उघडली, की मॅनेजरसाहेब माझ्या तोंडाकडे बघून म्हणतात, "खपावं तर यांच्यासारखं!" शेजारच्या काउंटरवरचा पोरगा खरोखरच खपलेला असतो. पण त्याचा चेहरा टवटवीत, त्यामुळे त्याच्याकडे कुणी बघत नाही.

घरी मात्र या वर्तुळांवर उपचारांची एक परंपराच होऊन गेली. आमच्या हिनं काकडीच्या चकत्या डोळ्यांवर ठेवल्या. गार वाटलं, झोप लागली, आणि उठलो तेव्हा उरलेल्या काकडीची कोशिंबीर झालेली होती. आईनं बटाट्याचा कीस सुचवला. शेजारच्या काकूंनी चहाच्या पिशव्या गार करून ठेवायला सांगितल्या. आता आमच्या घरी चहा पिशवीचा नसतो, पातेल्यात उकळतो. म्हणून हिनं फडक्यात चोथा बांधून ठेवला. वर्तुळं होती तिथंच राहिली, भुवया मात्र आठवडाभर आल्यासारख्या वास मारत होत्या.

मी हे सगळं सहन केलं, कारण माझं स्वतःचं काही म्हणणंच नव्हतं. प्रश्न उभा राहिला तो कन्येमुळे. कॉलेजच्या प्रवेशअर्जाला फोटो लागतो म्हणून ती काढून आली, पाकीट टेबलावर टाकलं आणि म्हणाली, "बाबा, बघा, तुमचं माझ्यावरही उतरलंय."

मी फोटो बघितला. अर्धा अंगठा उमटलेला होता.

माणूस स्वतःच्या तोंडावरचं काहीही सोसतो हो, पण तेच पोरीच्या तोंडावर दिसलं की पोटात कालवतं. दुसऱ्याच दिवशी रजा टाकली आणि दोघं त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी बोटानं माझ्या डोळ्याखालची कातडी हळूच ताणून बघितली, दिवा कधी वरून तर कधी समोरून धरला, आणि एखाद्या नवीन खातेदाराला समजवावं तशा शांतपणे म्हणाल्या, "यात तीन प्रकार असतात." मी मनात म्हटलं, बचत, चालू आणि मुदत ठेव. पहिला प्रकार रंगाचा. कातडीतच रंगद्रव्य जास्त असतं, त्यामुळे ती ताणली तरी रंग जात नाही. दुसरा शिरांचा. पापणीची कातडी सगळ्या अंगात पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर, म्हणून खालच्या शिरा निळसर दिसतात. तिसरा नुसत्या सावलीचा. वय वाढलं की डोळ्याखाली खळगा पडतो आणि त्याची सावली दिसते. दिवा समोरून धरला की ती नाहीशी होते. पुष्कळांच्या तोंडावर तर तिन्ही खाती एकदमच उघडलेली असतात.

"तुमचा मुख्यतः रंगाचा प्रकार आहे, आणि आनुवंशिक," त्या म्हणाल्या. १९६९ साली गुडमन आणि बेल्चर नावाच्या डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकात लिहून ठेवलंय, की काही घराण्यांत ही वर्तुळं पिढ्यान्पिढ्या उतरत जातात. म्हणजे माझ्या जन्माच्या कितीतरी आधी माझं निदान छापून झालं होतं, आणि मी इकडे चोथा बांधत बसलो होतो.

मग त्यांनी विचारलं, "तुम्ही डोळे चोळता का?"

"छे!" मी म्हणालो, आणि हे म्हणताना डोळा चोळला.

बँकेच्या रेकॉर्डरूममध्ये जुनी व्हाउचर काढायला मीच जातो. तिथली धूळ नाकात गेली की वीस शिंका येतात आणि डोळ्यांना खाज सुटते. ही ॲलर्जी, हे चोळणं आणि वर दुपारचं ऊन, या तिन्हींमुळे रंग आणखी गडद होत जातो, असं त्यांनी सांगितलं. मुलीचं हिमोग्लोबिन तपासायला लिहून दिलं. रक्त कमी असलं की चेहरा फिकट पडतो आणि वर्तुळं उठून दिसतात.

उपायांची यादी आमच्या कर्जयोजनांइतकीच लांब निघाली. व्हिटॅमिन सी किंवा रेटिनॉलची मलमं आहेत, पण त्यांना महिनोन्‌महिने द्यावे लागतात. रासायनिक पील आहे, लेसर आहे. मात्र आपल्या सावळ्या कातडीवर ते जपून करावं लागतं, नाहीतर डाग जायच्या ऐवजी वाढायचा. खळगा असेल तर हायलुरॉनिक ॲसिडचं इंजेक्शन देऊन तो भरतात. ते काही काळानं विरतं आणि पुन्हा घ्यावं लागतं, म्हणजे कर्जाचं नूतनीकरणच. शिवाय क्वचित का होईना, औषध रक्तवाहिनीत गेलं तर नजरेवर बेतू शकतं. डोळ्यांखाली पिशव्या आल्या असतील तर शस्त्रक्रिया. "आणि एक करू नका," बाईंनी बजावलं, "कुणाच्या सांगण्यावरून स्टेरॉइड घातलेलं गोरेपणाचं मलम लावू नका. आधी उजळ वाटतं, मग कातडी पातळ होऊन शिरा जास्तच दिसायला लागतात. डोळ्यातला दाबही वाढू शकतो."

मी वीस वर्षांचा कारकून. सरळ विचारलं, "म्हणजे नक्की कमी किती होईल?"

"चोळणं थांबवा, ॲलर्जीची गोळी घ्या, उन्हात जाताना सनस्क्रीन लावा. वाढायचं थांबेल, थोडं उतरेलही. बाकीचं घराण्याचं आहे."

थोडक्यात, व्याज थांबवता येतं. मुद्दल वडिलोपार्जित.

इथं माझं मन एकदम अण्णांकडे गेलं. आमचे अण्णा शाळेत हेडक्लार्क. त्यांची वर्तुळं माझ्या दुप्पट. शाळा सुटल्यावर रात्री ते दुकानदारांच्या वह्या लिहायचे. आमच्या फिया, माझं बी.कॉम., ताईचं लग्न, सगळं त्यातून झालं. त्यांच्या डोळ्यांखालचा काळा रंग म्हणजे आम्हा भावंडांच्या नावे पडलेला खर्च, असं मी लहानपणापासून धरून चाललो होतो. हे देणं कधी फिटलं नाही.

अण्णा गेले तेव्हा त्यांचा फोटो मोठा करायला दिला होता. स्टुडिओवाल्यानं स्वतःच्या हौसेनं दोन्ही वर्तुळं पुसून टाकली. फोटो घरी आणला तर आईनं चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला आणि विचारलं, "हे कोण?" बँकेत रोज मी चेहरा आणि फोटो जुळवून बघतो. घरच्या माणसाचा फोटो न जुळण्याची ती पहिलीच वेळ. तो परत करून वर्तुळांसकट दुसरा आणला, तेव्हा कुठं आईनं हार घातला.

डॉक्टरांकडून आल्यावर आईला म्हणालो, "अगं, अण्णांची वर्तुळं जागरणाची नव्हतीच. रक्तातलीच होती."

"मग? मला बघायला आले तेव्हाही होतीच की," आई भाजी निवडत म्हणाली. "तुझ्या आजोबांनाही होती. मला वाटलं, दोघंही रात्रीच्या गाडीनं आलेत."

मी हसलो. चाळीस वर्षं चुकीच्या खात्यावर पडलेली रक्कम बाहेर निघाली होती. जरा हलकं वाटलं. मग सहज विचारलं, "म्हणजे ते जागायचे वगैरे, तसं काही विशेष नव्हतं?"

आईनं निवडायचं थांबवलं. "जागायचे ना. दोन-दोन वाजेपर्यंत. पण ते तोंडावर दिसू द्यायचे नाहीत."

कन्या सनस्क्रीन लावून बाहेर निघाली होती. दारात थांबून तिनं भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं आणि विचारलं, "बाबा, अर्जाला दुसरा फोटो काढायचा का?"

"नको," मी म्हणालो, "हाच जुळतोय."