प्रभारी

सायंकाळची संध्या आटोपून आम्ही ओट्यावर बसलो असता धाकट्या बंधूंचे चिरंजीव पुस्तक घेऊन आले. फौजदारकीच्या परीक्षेचा त्यांचा अभ्यास चालू आहे. म्हणाले, "अण्णा, राज्याच्या पोलीस महासंचालकास दोन वर्षांची हमी कशाला? सरकारास माणूस नको झाला तर बदलू नये काय?"

पुस्तकात होते ते असे. प्रकाश सिंह या निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी ठरविले, की केंद्रीय लोकसेवा आयोगाने निवडलेल्या तीन ज्येष्ठांतून राज्याने एकास नेमावे, आणि मध्ये निवृत्तीचा दिवस आला तरी त्यास निदान दोन वर्षे ठेवावे. शिक्षा, दोषसिद्धी वा असमर्थता यांची गोष्ट निराळी. २०१८ मध्ये तर न्यायालयाने 'प्रभारी' महासंचालक ही कल्पनाच निषिद्ध मानली. तथापि आपल्या महाराष्ट्रात २०२१ मध्ये हे पद प्रभारीच होते. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये कायम नेमणूक झाली. त्या काळातील गृहस्थांविषयी आम्हांस काहीच म्हणावयाचे नाही.

कौटिल्याचे मत मात्र उलट आहे. अधिकारस्थानी अनेक प्रमुख असावेत व कोणी कायम नसावा, असे तो सांगतो. एका जागी रुळलेला माणूस कोश खाईल, हे त्याचे भय. चिरंजीवांस हे फार आवडले. "मग अण्णा, चाणक्य चुकला की न्यायालय?"

येथे आम्हांस एक जुनी गोष्ट सांगणे भाग पडले. घरात ती आजवर कोणास ठाऊक नव्हती. १९८४ साली जालना जिल्ह्यातील एका गावी आम्ही संस्कृत शिकवीत होतो. नेमणूक तात्पुरती, दर जूनमध्ये नवा कागद हाती पडे, तोवर धाकधूक. मार्चअखेर एका वजनदार गृहस्थांचा निरोप आला. त्यांच्या मुलास २८ गुण पडले होते. धमकी कोणी दिली नाही, कागदाचा उल्लेखही झाला नाही. तीर्थरूप अंथरुणास खिळलेले, भगिनीचे लग्न ठरलेले. आम्ही २८ चे ३५ केले. जूनमध्ये कागद आला. पुढे कायम झाल्यावर असे निरोप दोनदा आले. दोन्ही वेळा आम्ही नाही म्हटले, आणि त्यास फारसे धैर्य लागले नाही.

चिरंजीव बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अण्णा, त्या वर्षी ३४ वर कोणी राहिला होता काय?"

राहिला होता. नाव आम्हांस आजही आठवते.