लाकडाचा पिंजरा

फेब्रुवारी १९५२. फ्लोरिडातील डेटोना बीचच्या वाळूवर टिम फ्लॉक याने मॉडिफाइड-स्पोर्ट्समन गाड्यांची शर्यत जिंकली. पण तो विजय त्याच्याकडे राहिला नाही. गाडीतील संरक्षक दांडे लाकडाचे असल्याने तो बाद ठरला आणि जॅक स्मिथ विजेता घोषित झाला.

हसू येते खरे. परंतु त्या काळी अशा गाड्या बहुधा घरामागच्या गॅरेजात, जुन्या मोटारी सोलून घडत. गाडी उलटली की टप चेपून चालकाच्या डोक्यावर येई. म्हणून हाती लागेल त्याचा आधार उभारला जाई. लाकूड मात्र धक्क्याने फुटते आणि त्याच्या ढलप्या चालकाच्याच अंगात घुसू शकतात.

चांगली पोलादी नळी वाकते, पण सहसा तुटत नाही. रोल केजचे मर्म हेच. चालकाच्या पाठीमागे मुख्य कमान, तिच्यात तिरपा दांडा, पुढे काचेच्या कडेने उतरणारे पाय, आणि भार पातळ पत्र्यात रुतू नये म्हणून तळाशी रुंद पट्ट्या. घरी पिंजरा घडवणाऱ्याची कसोटी वरच्या सांध्यांपाशी लागते. छताला भिडलेल्या नळीभोवती वेल्डिंगचा हात पोहोचत नाही. जाणता कारागीर तळपत्र्याला भोके पाडून सारा पिंजरा खाली सरकवतो, सांधा चहूबाजूंनी जोडतो आणि मग तो वर उचलून पट्ट्यांवर बसवतो. आळशी कारागीर दिसते तेवढीच बाजू जोडतो!

त्याच वर्षअखेरीस वेस्ट पाम बीचच्या शेवटच्या शर्यतीत फ्लॉकची गाडी उलटली. तो बचावला, आणि हर्ब थॉमसला मागे टाकून मोसमाचे अजिंक्यपदही त्यालाच मिळाले.