कामठीची बस

रामदासपेठेत खोली मागायला येणाऱ्या माणसाचे काम मला त्याच्या सामानावरून कळते. एक्स-रेचे पाकीट आणि वळकटी असली की इस्पितळ. सोबत बाप आणि पुस्तकांची पेटी असली की शिकवणी. आमच्या पेठेचे निम्मे जगणे या दोहोंवर चालते. म्हणून २०१९ च्या फेब्रुवारीत कडेवर वर्षाचे पोर आणि रिक्षात काळी लोखंडी ट्रंक घेऊन आलेल्या मुलीचा मला चटकन उलगडा होईना. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव लिहिलेले होते. नाव पुरुषाचे.

“आमचे हे कामठीला आहेत, ट्रेनिंगला,” ती म्हणाली. “सहा महिने.”

मुलगी सातारा जिल्ह्यातली. त्या जिल्ह्यात अपशिंगे नावाचे एक गाव आहे. घरोघरी शिपाई, म्हणून त्याच्या नावाला लोक ‘मिलिटरी’ असेच जोडतात. हिचे सासर ते नव्हे, पण त्याच वाणाचे. सासरा निवृत्त सुभेदार, दीर फौजेत, नवरा फौजेत. सासूने सारी उमर गावी राहून मनीऑर्डरीची वाट पाहिली होती, आणि सुनेनेही तेच करावे असे तिला वाटे. सुनेला तसे वाटत नव्हते. लग्नाला अडीच वर्षे झाली होती. त्यांत दोघे एका छपराखाली किती दिवस राहिले, हा हिशेब तिला तोंडपाठ होता. एकशे बारा दिवस.

नवऱ्याने बराकीत राहायचे, कुटुंबाला जागा नाही, रविवारी सुटी मिळाली तर मिळाली. ट्रेनिंग कसले हे मी विचारले नाही. तिच्या नागपूरला येण्याला सरकारदप्तरी कुठेच जागा नव्हती. ना प्रवासखर्च, ना घर. कामठीत तिला स्वस्तात खोली मिळाली असती. पण ती नर्सिंग शिकलेली होती, आणि नोकरी मिळायची तर ती आमच्या पेठेतल्या इस्पितळांतच. आठ दिवसांत मिळालीही. पोर दुपारी माझ्या आईजवळ राहू लागले. मी शाळेतून येई तो दोघेही झोपलेली असत, आईचा पदर पोराच्या मुठीत.

कामठीची छावणी जुनी. सीताबर्डीच्या टेकडीवर १८१७ साली भोसल्यांचा पराभव झाला आणि १८२१ साली इंग्रजांनी कन्हानच्या काठी तळ ठोकला. आज तिथे ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे केंद्र आहे. शिवाय राष्ट्रीय छात्रसेनेची प्रबोधिनी आहे, जिथे शाळा-कॉलेजांतले शिक्षक अधिकारी होऊन बाहेर पडतात. ओळखीचे एक मास्तर तिथून परतले ते महिनाभर पोरांना ‘सावधान’ म्हटल्याशिवाय फळ्याकडे वळत नसत. असो.

या मुलीकडे पाहता पाहता मला एक जुना वाद आठवे. शिवाजीमहाराजांनी लष्करात बायका नेण्यास सक्त मनाई केली होती, असे सभासदाची बखर सांगते. मोडील त्याला देहदंड. पुढे पेशवाईत काळ पालटला. पानिपतावर भाऊसाहेबांबरोबर पार्वतीबाई होत्या, आणि फौजेच्या मागे बायकांपोरांचे, यात्रेकरूंचे भले मोठे बुणगे होते. इतिहासाचे मास्तर या बुणग्यांवर पराजयाचे बरेचसे खापर फोडतात. मीही लहानपणी तेच पाठ केले. आता मात्र वाटते, त्या बायकांना कुणी विचारले होते का, की तुम्ही का निघालात? इंग्रजी अमलात पलटणीमागे छावण्यांत संसार उभे राहिले. लष्करी शाळेत मास्तर असलेल्या सुभेदार रामजी सकपाळांच्या आणि भीमाबाईंच्या पोटी १४ एप्रिल १८९१ रोजी भीमराव जन्मले, ते महूच्या अशाच छावणीत.

रविवारी ती पहाटे उठे. भाकऱ्या, खर्डा, एखादी सुकी भाजी. डबा चांगला चार माणसांचा. सीताबर्डीहून कामठीची बस धरायची, गड्डीगोदाम, कडबी चौक, इंदोरा, ऑटोमोटिव्ह चौक असे करीत दीड तासाने उतरायचे. त्याला बाहेर सोडले तर दोघे पोरासह ड्रॅगन पॅलेसच्या बागेत बसत. जपानी उपासिकेच्या देणगीतून १९९९ साली उभे राहिलेले हे बुद्धमंदिर. आत बोलायचे नसते, बाहेर हिरवळीवर कुणी हटकत नाही.

एका रविवारी मे महिन्यातले ऊन डोक्यावर घेऊन ती दोन वाजताच परतली. त्याला सोडले नव्हते. फोनही त्याच्या हातात रविवारीच पडे, आणि त्या दिवशी तोही पडला नव्हता. पोर घामाने चिंब झाले होते. तिने त्याला कूलरसमोर निजवले, पायरीवर बसून डबा उघडला आणि एकटीने सगळा संपवला. आई म्हणाली, “अगं, बाधेल!” ती म्हणाली, “बाधू दे आजी. ह्यांच्या वाटणीचं कुणी खायचं मग?” त्या सहा महिन्यांच्या सव्वीस रविवारांपैकी सतरा तिला मिळाले. भिंतीवरच्या कालनिर्णयावर तिने खुणा केल्या होत्या.

ऑगस्टात त्याचे ट्रेनिंग संपले आणि त्याला उत्तरेत, जिथे कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी पाठवले. आता ही गावी जाणार, असे आम्ही धरूनच चाललो होतो. आईने पोराला द्यायला चांदीचे वाळेही करून घेतले. पण ती गेली नाही. इस्पितळाने पगार वाढवला होता. सासूचे फोन येत. सुरुवातीला गोड, मग कडू. तिने मला एवढेच सांगितले, “आले तेव्हा ह्यांच्यासाठी आले, बाई. आता राहिले ती माझ्यासाठी म्हणा.”

मग २०२० उजाडले. मार्चात टाळेबंदी लागली आणि आमच्या पेठेतली इस्पितळे भरू लागली. तिने आपण होऊन पोराला आमच्याकडे कायमचे झोपायला पाठवले, आणि स्वतः मागच्या खोलीत अंगणापलीकडे राहू लागली. रात्री आठला आई पोराला खिडकीत उभे करी. ती अंगणाच्या त्या टोकाला उभी राहून त्याला बोबडे गाणे म्हणून दाखवी. तिच्या नाकावर मास्कचा काळानिळा वळ कायमचा उमटला होता. सप्टेंबरात शहरात खाट मिळेनाशी झाली, तेव्हा ती सलग बारा-बारा तास ते कपडे अंगावर वागवीत होती.

नवऱ्याचा फोन माझ्याकडे येई. “बाई, ती जेवते का? मला खरं सांगत नाही.” इतकी वर्षे जो प्रश्न त्या घरातल्या बायकांनी विचारला, तो आता सीमेवरचा शिपाई रामदासपेठेत विचारीत होता. जूनमध्ये गलवान खोऱ्यात वीस जवान हुतात्मे झाले, त्या रात्री मात्र पुन्हा पाळी फिरली. तो कुठे आहे हे तिला ठाऊक नव्हते. नावे जाहीर होईपर्यंत ती कामावरच होती. रजा मागितली नाही. “घरी बसून काय केलं असतं?” म्हणाली. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. दोघे बहुधा दीड मिनिट बोलली, त्यातले एक मिनिट पोराच्या खोकल्याबद्दल.

आता काळ आणखी पालटला आहे. २०२२ पासून अग्निवीर म्हणून भरती होणारा मुलगा अविवाहितच लागतो; त्याच्या ट्रेनिंगमागे कुणी बायको गाव सोडणार नाही. उलट बायकाच आता ट्रेनिंगला जातात. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक २०१५ साली कुपवाड्यात धारातीर्थी पडले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक चेन्नईचे प्रशिक्षण पुरे करून २०१७ साली अधिकारी झाल्या, दोन मुलांची आई असताना. खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून मुलींची पहिली तुकडी, सतराजणींची, मे २०२५ मध्ये बाहेर पडली. त्यांपैकी कुणी उद्या कामठीला आली, तर तिच्यामागोमाग कडेवर पोर घेऊन खोली मागणारा नवरा माझ्या फाटकाशी उभा राहील काय? अजून तरी राहिलेला नाही. आला तर खोली देईन. भाडे मात्र थोडे जास्त घेईन; त्याच्या स्वैपाकाला गॅस जास्त जाळावा लागेल.

२०२१ च्या दिवाळीनंतर त्याची बदली शांत ठिकाणी झाली आणि कुटुंबासाठी क्वार्टर मिळाले. ज्यासाठी ती नागपूरला आली होती, ते आता सरकारी कागदावर, शिक्क्यासह मिळत होते. ती चार दिवस गप्प होती. इस्पितळात तिच्या हाताखाली तेव्हा सहा मुली काम करीत. जागा राखून ठेवता येणार नाही, असे तिला सांगण्यात आले. तिकडे इस्पितळ आहे का, हे नवऱ्याने चौकशी करून कळवले: छावणीतले आहे, पण तिथे भरती नाही, गाव अकरा किलोमीटर.

पाचव्या दिवशी तिने राजीनामा दिला. मी काही बोलले नाही. आई पोराला घेऊन देवळात जाऊन बसली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली. इस्पितळाने दिलेल्या अनुभवाच्या दाखल्याच्या तिने दोन झेरॉक्स काढल्या होत्या. एक मला दिली.

“ही हिथं असू द्या, बाई. तिकडं बदल्यांत हरवली तर.”

मी ती कपाटात, घराच्या कागदांबरोबर ठेवली आहे. गेल्या वर्षी तिचा फोन आला, कागद आहे ना, म्हणून. फोटो काढून पाठवला.