बोलत बोलत लोहगड

शुक्रवारी दुपारी चारच्या चहाला आमच्या टीममध्ये एक प्रश्न हमखास निघतो. "मग, वीकेंडला काय?" उत्तरंही ठरलेली. दोघंतिघं गोवा, एखादा महाबळेश्वर, आणि उरलेले 'ऑन-कॉल'. मी बहुतेक वेळा उरलेल्यांत. दिवाळीनंतरच्या त्या शुक्रवारी मात्र मी ऐटीत म्हणालो, "लोहगड. बाबांबरोबर."

टेबलावर एकदम शांतता. "अरे, त्यांची अँजिओप्लास्टी झाली ना?"

झाली. जानेवारीत. दोन स्टेंट. आणि तेव्हापासून मी बाबांचा मुलगा कमी आणि सिस्टिम ॲडमिन जास्त झालोय. बीपी किती, गोळी घेतली का, स्कूटर कशाला काढली, लिफ्ट असताना जिन्याने का आलात. प्रॉडक्शन सर्व्हरवर ठेवतो तशी चोवीस तास नजर. सर्व्हर बिचारा उलट बोलत नाही. बाबाही फारसे बोलत नाहीत, पण एके रात्री जेवताना त्यांनी ताटातून मान वर न करता जाहीर केलं, "मला एकदा लोहगडला जायचंय."

मी लगेच दहा कारणं दिली. ऊन, पायऱ्या, गर्दी, माकडं, जवळ हॉस्पिटल नाही वगैरे वगैरे. बायको म्हणाली, "डॉक्टरांना विचारू या ना. तू कशाला ठरवतोस?" एवढा सरळ उपाय मला सुचला नव्हता. खरं सांगायचं तर मला उत्तर 'नाही'च हवं होतं.

डॉक्टरांनी मला तोंडघशी पाडलं. स्ट्रेस टेस्टचा रिपोर्ट बघितला, रोज किती चालता ते विचारलं (पाऊण तास! हे मला माहीतच नव्हतं) आणि म्हणाले, "जा की. सावकाश चढा. एकच लक्षात ठेवा, चढताना आरामात बोलता आलं पाहिजे. वाक्य मध्येच तुटायला लागलं की थांबायचं. छातीत काही वाटलं तर पुढे जायचंच नाही, लगेच मदत घ्यायची."

आता गंमत अशी, की आमचे बाबा म्हणजे दिवसाला चाळीस शब्दांचा कोटा असलेला माणूस. फोनवर 'हां', 'बरं' आणि 'आईला देतो' एवढंच. जो बोलतच नाही त्याचं वाक्य तुटलं हे कळणार कसं? म्हणून मी शनिवारी रात्री चक्क प्रश्नांची यादी काढली. चढताना एकेक विचारायचा आणि त्यांना बोलतं ठेवायचं. (हसू नका. आम्ही लोक असेच प्रॉब्लेम सोडवतो. :-) )

रविवारी भल्या पहाटे निघालो. बाबा, बायको, सात वर्षांची चिऊ आणि मी. आईचे गुडघे पायऱ्यांना तयार नाहीत, त्यामुळे तिने फक्त डबा दिला. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचं गोड लोणचं. दारात मला बाजूला घेऊन म्हणाली, "त्यांना सारखं टोकत बसू नकोस."

गाडी न्यायची नाही, लोकलनेच जायचं, ही बाबांची अट. कारण १९९९ साली मी नऊ वर्षांचा असताना आम्ही दोघंच लोकलने लोहगडला गेलो होतो. माझा पहिला किल्ला. शिवाजीनगरहून पुणे-लोणावळा लोकल पकडली. चिऊला खिडकी मिळाली. देहूरोड, बेगडेवाडी, घोरावाडी, तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत करत मळवली आलं, तोवर तिला सगळी स्टेशनं ओळीने पाठ झाली होती. मला हिंजवडीतल्या माझ्याच ऑफिसच्या बिल्डिंगी अजून ओळीने सांगता येत नाहीत.

मळवलीला उतरून भाज्याकडे जाताना एक्स्प्रेसवे ओलांडावा लागतो. पुलावर बाबा थांबले. खालून गाड्या सुसाट चालल्या होत्या. "तेव्हा हा रस्ता सुरू व्हायचा होता," ते म्हणाले. सहा शब्द! मी मनात नोंद केली.

१९९९ मध्ये आम्ही इथून भाजे गाव, मग गायमुख खिंड आणि लोहगडवाडी असं सगळं अंतर पायी तोडलं होतं. या वेळी तडजोड म्हणून लोहगडवाडीपर्यंत रिक्षा केली. बाबांनी तोंड वाकडं केलं, पण बसले. खिंडीत उजवीकडे लोहगड, डावीकडे विसापूर. पावसाळ्यात हिरवंगार असणारं गवत आता सोनेरी व्हायला लागलं होतं आणि हवेत मस्त गारवा होता. वाडीत चहा घेतला, काठ्या घेतल्या आणि पायऱ्या सुरू झाल्या. चिऊ पायऱ्या मोजत पुढे, बायको तिच्या मागे, आणि शेवटी आम्ही दोघं.

मी यादीतला पहिला प्रश्न टाकला. "बाबा, हा किल्ला महाराजांनी कधी घेतला?"

"१६४८."

शांतता. मी पुढचा टाकला. "मग तो पुरंदरच्या तहात गेला ना?"

"हो. १६६५. सत्तरला परत घेतला."

असे पाच-सहा प्रश्न झाल्यावर बाबा थांबले, वळले आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "तू मला चेक करतोयस का?"

पकडलो गेलो. डॉक्टरांचं वाक्य, यादी, सगळं कबूल केलं. आता भडकणार असं वाटलं, तर चक्क हसले. "अरे, मग नीट काहीतरी विचार की. हे काय शाळेतले प्रश्न."

आणि त्यानंतर, काय सांगू, बाबा सुटले. गणेश दरवाजा आला. तिथली नरबळीची दंतकथा त्यांनी चिऊसमोर सफाईने गाळली आणि वाट अशी नागमोडी का ते सांगायला लागले. लोहगडाला ओळीने चार दरवाजे. गणेश, नारायण, हनुमान आणि शेवटी महादरवाजा. वाट एका दरवाज्यातून निघते आणि वळसे घेत दुसऱ्याला भिडते. शत्रूने एक दरवाजा फोडला तरी पुढची वाट वरच्या तटाच्या माऱ्यात. "फायरवॉल," मी म्हणालो. "चार लेयरची." बाबांना ते फारसं कळलं नाही, पण चिऊला पटलं.

नारायण दरवाजा नाना फडणवीसांनी बांधलेला. तिथे धान्य साठवायचं भुयार आहे. आम्ही पाणी प्यायला टेकलो. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत लोहगडही आहे, हे मी ज्ञान पाजळलं. बाबा म्हणाले, "माहितीये. पेपरात वाचलं तेव्हाच ठरवलं, एकदा जायचं." मग जरा थांबून म्हणाले, "मागच्या वेळचं तुला काय आठवतं रे?"

मला सगळं आठवतं. कागदात बांधलेली भेळ, डबक्यातला खेकडा, माझा फाटलेला बूट बाबांनी सुतळीने बांधला होता तो. माझ्या लहानपणातला सगळ्यात भारी रविवार होता तो. तसं सांगितलं.

"आदल्या दिवशी कंपनीत नोटीस लागली होती," बाबा म्हणाले. "आमचा अख्खा विभाग बंद."

पिंपरीतल्या त्या कंपनीतून बाबा बाहेर पडले हे मला माहीत होतं. पुढे दीड वर्ष त्यांनी मिळेल ते काम केलं हेही. पण हे त्या रविवारच्या आदल्या दिवशी झालं होतं, हे मला आज कळत होतं. पस्तिसाव्या वर्षी.

"तुझ्या आईला सांगायचा धीर होईना. घरात बसलो असतो तर तिने चेहऱ्यावरून ओळखलं असतं. म्हणून तुला घेतलं आणि निघालो. जायचं कुठे तेही ठरलं नव्हतं. स्टेशनवर लोकल लागलेली दिसली."

"मग?"

"मग काय. दिवसभर तुझ्यामागे पळालो. तू त्या विंचूकाट्यावर असा धावत सुटलास, की माझ्या पोटात गोळा. नोटीस-बिटीस डोक्यात राहीचना. रात्री गाढ झोपलो. सोमवारी सकाळी सांगितलं तिला."

एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. आम्ही परत चालायला लागलो. ते हप्त्यांचं सांगत होते, माझ्या शाळेच्या फीचं सांगत होते, मी 'हं हं' करत होतो, आणि हनुमान दरवाज्याशी आलो तेव्हा त्यांचं वाक्य तुटलं. "तेव्हा वाटलं की..." आणि श्वास. पुन्हा, "तेव्हा वाटलं..."

त्यांनीच हात वर केला. "बस. मी इथपर्यंत."

माझा चेहरा बघून त्यांनी पुढचं उत्तरही देऊन टाकलं. "काही होत नाहीये. छातीत नाही, कुठे नाही. नुसती धाप आहे. पण डॉक्टर काय म्हणाले? वाक्य तुटलं की थांबायचं. तुटलं."

आता माझं बघा. महिनाभर मी त्यांना अडवायची तयारी केली होती. ते हट्ट करणार, मी नाही म्हणणार, बायको मध्ये पडणार, सगळं मनात ठरलेलं. आणि ते स्वतःच थांबले तर मला ते सहन होईना. माझ्या तोंडून निघालं, "बाबा, महादरवाजा इथेच आहे हो. दहा मिनिटं बसून मग हळूहळू..."

बायकोने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प झालो.

मला तेव्हा कळलं, की मी त्यांना सारखा अडवत होतो ते त्यांनी माझं ऐकावं म्हणून नव्हतंच. त्यांनी झिडकारावं, "गप रे, मला काय झालंय" म्हणून पुढे चालू पडावं, याच्यावर मी आत कुठेतरी विसंबून होतो. कारण पुढे चालू पडणारे बाबा मला माहीत होते. थांबणारे नव्हते.

"मी बसतो तुमच्यापाशी," मी म्हणालो.

"तू कशाला? सूनबाई आहे ना. तू जा, चिऊला विंचूकाटा दाखव. आणि हात सोडू नकोस तिचा."

धाप मिनिटा-दोन मिनिटांत बसली होती आणि चेहरा नेहमीसारखा होता, तरी मी उगाच पाच मिनिटं रेंगाळलो. शेवटी दोघांनी मिळून मला हाकललं. त्या दोघांचं एक बरं आहे, तासन् तास न बोलता एकत्र बसू शकतात.

महादरवाज्यातून वर गेलो. माथ्यावर भणाण वारा. गडाच्या पश्चिमेला ती लांबच लांब, निमुळती माची. वरून खरंच विंचवाच्या नांगीसारखी दिसते. तिच्यावर उतरायला एक छोटा कातळाचा टप्पा आहे, तिथे चिऊला धरून उतरवलं. खाली पवनेचं पाणी चकाकत होतं, पलीकडे तुंग आणि तिकोना. सपाटी दिसल्याबरोबर चिऊ माझा हात हिसडून धावत सुटली.

पोटात गोळा म्हणजे काय, ते कळलं. आणि मी तिच्यामागे धावत होतो तेवढा वेळ स्टेंट, बीपी, सोमवारचं रिलीज, यांतलं एकही डोक्यात नव्हतं हेही खरं.

तासाभराने खाली आलो तर वेगळंच दृश्य. बाबा पायरीवर मजेत बसलेत, समोर कॉलेजची पाच-सहा पोरं, आणि बाबा हातवारे करून त्यांना चार दरवाज्यांची रचना समजावतायत. "ही म्हणजे फायरवॉल आहे. चार लेयरची." पोरं भक्तिभावाने ऐकतायत. बायको बाजूला तोंडावर ओढणी धरून हसतेय. पुऱ्या निम्म्या संपलेल्या.

"बाबा, आता बसलायत, आता बोललं नाही तरी चालतं," मी म्हणालो.

"गप रे," बाबा म्हणाले.

खूप बरं वाटलं.

उतरताना घाई केली नाही. वाडीत पिठलं-भाकरी आणि ताक झालं. परतीच्या लोकलमध्ये चिऊ बाबांच्या मांडीवर झोपली आणि बाबा खिडकीत. भाज्याची लेणी राहिली, ती डिसेंबरात करू, पायऱ्या कमी आहेत, असं त्यांनी स्वतःच ठरवलं. मी कारणं दिली नाहीत.

रात्री आईला हळूच विचारलं. "९९ साली आम्ही लोहगडला गेलो होतो, तेव्हाची ती नोटीस... तुला खरंच सोमवारी कळलं?"

आई रिकामा डबा घासत होती. "छे. शेजारच्यांनी शनिवारी संध्याकाळीच सांगितलं होतं. ते पण त्याच कंपनीत होते ना."

"मग तू बोलली का नाहीस?"

"म्हटलं, जाऊन येऊ देत डोंगरावर. येतील तेव्हा सांगतील." तिने डबा पालथा घातला. "तेव्हाही पुऱ्याच दिल्या होत्या. तुझ्या लक्षात नसेल, तुला भेळ आठवत असेल."

*

ता. क. : जाणार असाल तर पावसाळ्यातले शनिवार-रविवार टाळा, पायऱ्यांवर मुंगीला जागा नसते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मळवलीहून रिक्षा मिळते, पण परतीच्या लोकलची वेळ आधी बघून ठेवा. पाणी घरून न्या. आणि घरातल्या मोठ्या माणसांना नेणार असाल तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. प्रश्नांची यादी मात्र नेऊ नका. एखादाच न्या, पण नीट.